भुंग्याचा रंग

नवरात्र संपलं, की पनवेलची हवा एकाएकी कोरडी होते. चार महिने ओल धरून बसलेल्या भिंतींचे पोपडे सुटायला लागतात, हायवेवरची धूळ खिडक्यांच्या गजांवर येऊन बसते, आणि नेरे गावाकडून वारा आला तर त्याला पिकल्या भाताचा वास असतो. त्या दिवसांत संध्याकाळी कामावरून आले, की मी बाल्कनीत जुनी चादर अंथरते आणि भुंग्याला समोर घेऊन बसते. भुंगा आमचा कुत्रा. आबा, म्हणजे माझे सासरे, त्याला सकाळी रिक्षाने शेतावर घेऊन जातात आणि तो अंगभर कुसळं घेऊन परत येतो. पंजांच्या फटीत, कानांमागे, पोटाखाली. एकेक कुसळ चिमटीत धरून हळू काढावं लागतं. घाई केली तर ते आत मोडतं.

काढता काढता त्याचे थोडे केसही बोटांना चिकटून येतात. हल्ली ते राखाडी असतात, उन्हात धरले तर चांदीच्या तारेसारखे. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या लोकांना वाटतं, हा फार म्हातारा आहे. बिचारा, म्हणत ते त्याच्या पाठीवर जपून हात ठेवतात. मी सांगते, अजून तरुण आहे तो, रंगच तसा आहे. पुढचं सांगत नाही. पुढचं सांगायचं तर एक अख्खी भातकापणी सांगावी लागेल.

भुंगा आला तेव्हा काळा होता. ओल्या कोळशासारखा. डोळे कुठे संपतात आणि केस कुठे सुरू होतात तेही कळायचं नाही. माझी मुलगी तन्वी तेव्हा पाचवीत होती. कुत्रा हवा म्हणून तिने वडिलांच्या मागे टुमणं लावलं होतं, पण शेजारचं मांजर जवळून गेलं तरी तिला शिंकांवर शिंका यायच्या. रुपेशने, माझ्या नवऱ्याने, फोनवर बरीच शोधाशोध करून ही जात काढली. लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर, त्याला डूडल म्हणतात. केस कुरळे असतात आणि फारसे गळत नाहीत. शिरढोणच्या पुढे एका फार्महाउसवर अशी पिल्लं होती. एका रविवारी बापलेक दोघंच गेले आणि टॉवेलमध्ये गुंडाळून हे घेऊन आले. भुंगा हे नाव तन्वीने गाडीतच ठेवून टाकलं होतं.

आबांना ते फारसं रुचलं नाही. त्यांचा सगळा जन्म नेऱ्यात गेलेला. शेतावर कुत्रे नेहमीच होते, पण ते अंगणात राहायचे आणि उरलीसुरली भाकरी खायचे. शॅम्पूने अंघोळ करणारा, सोफ्याखाली झोपणारा कुत्रा आबांनी पाहिला नव्हता. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना आग्रहाने नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं, तरी ते सकाळ झाली की रिक्षा पकडून नेऱ्याला, उरलेल्या शेतावर जायचे. त्या दिवशी परत आले तेव्हा हॉलच्या मधोमध हे काळं बोचकं झोपलं होतं. त्यांनी ते थोडा वेळ पाहिलं आणि रुपेशला एवढंच विचारलं, ‘याचे केस कोन विंचरनार?’

रुपेश म्हणाला, मी.

आणि तो खरंच विंचरायचा. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात त्याची नोकरी होती. संध्याकाळी यायचा तेव्हा कपड्यांना डिझेलचा आणि गंजलेल्या पत्र्याचा वास असायचा. अंघोळ करून तो बाल्कनीत बसायचा, भुंग्याला दोन गुडघ्यांमध्ये धरायचा आणि मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश कंगवा फिरवायचा. माझ्याशी आणि तन्वीशी तो चारचौघांसारखं शहरी मराठी बोलायचा. आगरी बोली त्याच्या तोंडून फक्त आबांशी बोलताना यायची. भुंग्याशीही तो तेच बोलायला लागला. ‘हलू नको रं. झाला, झाला.’ मी आत कणीक मळत असायचे आणि मला ते ऐकू यायचं. त्या आवाजातला रुपेश मला तसा कमीच भेटला होता.

श्रावण संपत आला होता. एका दुपारी यार्डात उभ्या उभ्या बोलताना रुपेश खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो बेचाळीस वर्षांचा होता. याहून जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहिता येत नाही.

त्या वर्षी घरात गणपती आला नाही. खालच्या मंडपातले ढोल ऐकू यायचे आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. माणसं यायची, बसायची, जायची. तन्वी कोणी आलं की भुंग्याला घेऊन आतल्या खोलीत जायची. आबा आलेल्यांशी शेतीवर बोलायचे, पाऊस लांबला यावर बोलायचे. रडताना मी त्यांना पाहिलं नाही.

मग मी लॅबमध्ये परत जायला लागले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढते, नळ्यांवर नावं लिहिते. हातांना काम असलं की बरं वाटतं हे मला तेव्हा कळलं. एका संध्याकाळी घरी आले तर बाल्कनीत आबा बसले होते. खुर्चीवर नाही, खाली, रुपेश बसायचा तिथे. भुंगा त्यांच्या गुडघ्यांमध्ये होता आणि त्यांच्या हातात कंगवा होता. आठ महिन्यांचं ते पिल्लू आता त्यांच्या छातीपर्यंत येत होतं. आबा म्हणत होते, ‘हलू नको रं. झाला, झाला.’ रुपेशने ते शब्द कुठून उचलले होते, ते मला दारात उभं राहून समजलं. लहानपणी आबांना बैलांशी बोलताना त्याने हेच ऐकलं असणार. मी बाल्कनीत गेले नाही. चहा ठेवला आणि आतूनच हाक मारली.

दसऱ्याच्या आसपास मला पहिल्यांदा ते दिसलं. भुंग्याच्या कानाखालचे केस बाजूला केले तर मुळाशी ते काळे नव्हते. राख सांडल्यासारखे फिकट होते. मी पाठीवर पाहिलं, मांड्यांवर पाहिलं. सगळीकडे वरून काळा आणि आतून राखी. काही आजार असेल म्हणून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी केस उलटे करून पाहिलं आणि सांगितलं, की आजार नाही. या जातीत बऱ्याच पिल्लांचा जन्माचा रंग टिकत नाही. काळ्याचा राखाडी होतो, चॉकलेटी असेल तर दुधाळ चहासारखा होतो, तांबूस असेल तर सायीसारखा फिका. आईबापांकडून येतं ते. वर दिसतात ते बाळपणीचे केस, त्यांच्या खालून मोठेपणीचे केस येत आहेत आणि ते मुळातूनच वेगळ्या रंगाचे आहेत. फक्त एक सांभाळा, म्हणाले. हेच दिवस गुंत्यांचे असतात. जुने आणि नवे केस एकमेकांत अडकतात. रोज विंचरा, नाहीतर एकदा सगळे कापून टाका.

रात्री जेवताना मी हे आबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं. ‘म्हंजे ह्यो काला ऱ्हानार नाय?’ मी म्हटलं, नाही राहणार. त्यांनी पानातलं सगळं संपवलं, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून भुंग्याला विंचरणं बंद केलं.

मला वाटलं कंटाळले असतील. मी कंगवा हातात घेतला तर ते म्हणाले, राहू दे, त्याला दुखतं. पार्लरमध्ये नेऊ का विचारलं तर म्हणाले, कापणी होऊ दे, मग बघू. रोज सकाळी ते त्याला घेऊन नेऱ्याला जायला लागले. खरं कारण माझ्या लक्षात यायला वेळ लागला. विंचरलं की कंगव्यावर काळे केस यायचे. आबांना ते जाऊ द्यायचे नव्हते.

ती कापणी मला आजही तुकड्यातुकड्यांनी आठवते. प्रबळगडाच्या माथ्यावर सकाळी ढगाची पट्टी असायची आणि ऊन चढलं की ती विरून जायची. शेताच्या कडेला दव इतकं, की चपला पायातून निसटायच्या. वाडीवरून आलेल्या बायका ओळीने वाकून कापत पुढे जायच्या, आणि त्यांच्या मागे भात आडवा पडत जायचा तो आवाज. कोणीतरी खूप मोठं कापड हळूहळू फाडतंय असा. रुपेश दरवर्षी कापणीला रजा काढायचा. त्या वर्षी त्याच्याऐवजी मी रविवारी जायचे. मी पनवेल शहरातली, विळा कधी धरला नव्हता. तो धरला. हातांना फोड आले, ते फुटले, आणि त्यांच्याकडे बघताना मला कसलं तरी समाधान वाटायचं. दुखण्याला निदान एक जागा होती. भुंगा कापलेल्या शेतातून धावायचा, बांधावरच्या गवतात घुसायचा, आणि आबा त्याच्याकडे बघत बसून राहायचे. लांबून तो अजून काळाच दिसायचा.

दिवाळी झाली, आम्ही केली नाही. भाताची झोडणी सुरू झाली. आणि एका रविवारी मी पाहिलं, की भुंगा धावत नाहीये. खळ्याच्या कडेला उभा होता. बसायला जायचा, अर्ध्यात थांबायचा, पुन्हा उभा राहायचा. मी जवळ घेतलं तर बोटं केसांत शिरेनात. पाठीवर, काखेत, पोटाखाली सगळ्या केसांचं मिळून एक जाड घोंगडं झालं होतं. पुढच्या पायाच्या बगलेत हात घातला तर तो कण्हला आणि बोटं ओली झाली. वास आला. मी लॅबमधली आहे, तो वास मला ओळखता येतो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच्या आज सगळे केस काढा, मग मी जखमा बघतो.

आबा खळ्याजवळ पेंढ्याच्या भाऱ्याला टेकून बसले होते. तन्वी जवळच बसली होती, भुंग्याने तिच्या मांडीवर डोकं टेकवलं होतं.

मी म्हटलं, ‘आबा, याचे केस काढायला न्यावं लागेल.’

‘नाय.’

‘खाली जखम झालीय. कुसळं रुतलीत.’

‘जखमेपुरते काढा.’

तसं होणार नाही, सगळंच एकमेकांत चिकटलंय, हे मी समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. भुंग्याकडे बघतच म्हणाले, ‘या केसांना रुपेशचा हात लागलाय, निशा. खालून जे येतंय त्याला नाय लागलेला.’

मी त्यांना काय सांगणार होते? आमच्या गाडीची पुढची सीट रुपेशच्या उंचीला लावलेली होती, मी ती तशीच ठेवली होती. पाय ताणून ब्रेक दाबत मी त्या दिवशीही नेऱ्याला आले होते.

तेवढ्यात तन्वी म्हणाली, ‘पण पप्पांना माहीत होतं.’

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती भुंग्याच्या नाकावरून बोट फिरवत होती आणि साधी, शाळेतली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. फार्महाउसवर बरीच काळी पिल्लं होती. तिथल्या माणसाने पिल्लांचा बाप दाखवला, तो चंदेरी होता. हे पिल्लू उचलून त्याच्या पंजाची बोटं उघडून दाखवली, आतले केस फिकट होते. म्हणाला, हा बापावर जाणार, काळा पाहिजे असेल तर दुसरा घ्या. तन्वीला दुसराच हवा होता. पण पप्पा म्हणाले, हाच.

‘मी विचारलं का,’ तन्वी म्हणाली. ‘तर म्हणाले, हा मोठा झाला की याचे केस आबांसारखे होतील. मला तसाच पाहिजे.’

मी तिला विचारलं, हे तू आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

आबांचा हात डोक्याकडे गेला. टोपी काढून त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली. डोक्यावर विरळ, पांढरेराखाडी, कुरळे केस. इतकी वर्षं मी ते पाहत होते, पण ते कुरळे आहेत हे माझ्या मनात कधी नोंदलंच गेलं नव्हतं. खळ्यावर झोडणी चालूच होती. भात उडत होता, बायका आपसांत बोलत होत्या. आबा भाऱ्याला धरून उठले, पाण्याच्या पिंपाशी जाऊन हातपाय धुतले, तोंड धुतलं, ते जरा जास्तच वेळ धुतलं. परत आले तेव्हा म्हणाले, ‘गाडी काढ.’

पनवेलच्या त्या कुत्र्यांच्या पार्लरमध्ये एक तरुण मुलगी होती. तिने भुंग्याला पाहून काही सुनावलं नाही, याबद्दल मी अजून तिची आभारी आहे. मशीन चालू केलं आणि मानेपासून सुरुवात केली. आबा भुंग्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उभे राहिले. केस सुटे सुटे पडले नाहीत. सालीसारखे, एका अखंड तुकड्यात निघत गेले, वरून काळे आणि आतून राखी. त्यातून जो कुत्रा बाहेर आला तो मी कधी पाहिला नव्हता. बारीक, लांब पायांचा, पारव्याच्या रंगाचा. बगलेत आणि पोटाखाली लाल जखमा. त्याला थंडी वाजत होती की भीती वाटत होती कोण जाणे, तो थरथरत होता. त्या मुलीने विचारलं, पहिल्यांदाच कापले ना, थोडे केस देऊ का पुडीत, काही लोक ठेवतात.

आबांनी खाली पडलेल्या त्या घोंगड्याकडे पाहिलं. मला खात्री होती ते हो म्हणतील.

‘नको,’ ते म्हणाले. ‘झाडून टाक.’

खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी भुंग्याच्या पाठीवर टाकलं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि रुपेश गेल्यापासून पहिल्यांदा, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता रडले. रिक्षा जात होत्या. एका बाईने थांबून मला पाणी दिलं आणि काही न विचारता निघून गेली.

घरी आल्यावर औषध लावलेला भुंगा हॉलमध्ये फरशीवर कुशीवर आडवा झाला आणि पाय ताणून झोपला. आबा त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले, हात त्याच्या बरगड्यांवर. गाडीची सीट मी मात्र त्यानंतरही बरेच महिने तशीच ठेवली. सगळं एका दिवसात होत नाही.

पुढे दर कापणीला भुंग्याचा रंग एकेक पायरी उतरत गेला. पारवा, मग ओल्या राखेचा, मग कोरड्या. तोंडाभोवतीचे केस सगळ्यात आधी चंदेरी झाले. तन्वी आता आठवीत आहे, माझ्या खांद्याच्या वर गेली आहे, आणि फोनवर तिचा आवाज ऐकून लोक तिला मीच समजतात. माझ्या कानशिलांवरही आता पांढरं दिसतं. हॉलमधल्या फोटोत रुपेश भुंग्याला मांडीवर घेऊन बसला आहे. दोघांचेही केस काळेभोर. पाहुणे फोटोतल्या पिल्लाकडे बघतात, मग खाली झोपलेल्या कुत्र्याकडे, आणि विचारतात, हा दुसरा का? पूर्वी तो प्रश्न मला लागायचा. आपण सगळे रंगारंगाने त्याच्यापासून लांब चाललो आहोत, असं वाटायचं. तो तिथेच काळाभोर थांबलाय आणि आम्ही फिके पडत पुढे निघालोय.

आता त्या फोटोकडे बघताना वेगळंच मनात येतं. त्याने बदलणारं पिल्लू मुद्दाम निवडलं होतं. म्हणजे ते बदलताना बघायला आपण असू, हे त्याने गृहीत धरलं होतं. एक दिवस बापाचे केस आणि कुत्र्याचे केस एका रंगाचे होतील आणि त्यावरून तो आबांना चिडवेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असणार. एवढं लहानसं सुख त्याने पुढच्या वर्षांसाठी ठेवलं होतं. ते त्याला मिळालं नाही. आम्हाला मिळालं. भुंग्याला विंचरताना ते सुख घ्यायला मला अजून संकोच वाटतो.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही वडाळे तळ्यावर गेलो होतो. मी, आबा, तन्वी आणि भुंगा. आबांना आता फार चालवत नाही, म्हणून ते एका बाकावर बसले होते. एक तरुण जोडपं आलं, त्यांच्याबरोबर पट्ट्याला बांधलेलं एक काळं, कुरळं पिल्लू. अगदी नवं, स्वतःच्याच पायात अडखळणारं. भुंग्याला पाहून ते दोघं थांबले. त्या मुलीने आबांना विचारलं, ‘आजोबा, याचा रंग पहिल्यापासून असाच आहे का?’

मी सांगणार होते, पण आबा आधी बोलले.

‘नाय,’ ते म्हणाले. ‘माजा पोरगा होता तवा काला होता.’

रुपेशबद्दल त्यांनी ‘होता’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तन्वीनेही ऐकलं असावं, कारण तिने तळ्याकडे तोंड फिरवलं. ती मुलगी नवऱ्याकडे बघायला लागली. पाण्यावरचा उजेड कमी होत होता. आबा बाकावरून पुढे वाकले, त्यांनी त्या पिल्लापुढे हात धरला आणि विचारलं, ‘याचं नाव काय ठेवलं?’